गिटार मुकी झाली तर? वायरिंगचा दोष घरच्या घरी शोधण्याची आणि काढण्याची रीत

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अचानक गेला, नॉब फिरवताना कर्रकर्र व्हायला लागलं किंवा तारांवरचा हात उचलला की घूंऽऽ सुरू झालं, की बरेच जण गिटार सरळ दुकानात नेऊन टाकतात. काही जण मात्र लगेच स्क्रू खोलतात आणि जो टाका संशयास्पद दिसेल त्याला सोल्डरिंग आयर्न लावतात. पहिल्यात पैसे आणि दिवस जातात. दुसऱ्यात चांगले टाकेही बिघडतात, आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो.

खरं तर या गिटारच्या पोटात जे सर्किट असतं ते फार सोपं आहे. त्यात चिप नसते, ट्रान्झिस्टर नसतो, बहुतेक गिटारींत बॅटरीसुद्धा नसते. टेलिकास्टर, लेस पॉल आणि स्ट्रॅटोकास्टर ही तिन्ही मॉडेलं 1950 ते 1954 या काळात बाजारात आली, आणि तेव्हाची वायरिंगची कल्पना आजही जवळपास तशीच वापरात आहे. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: दोष नेमका कुठे आहे हे मल्टिमीटरने (रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजणाऱ्या छोट्या मीटरने) ठरल्याशिवाय आयर्न तापवू नका. शोधायला अर्धा तास लागला, तर दुरुस्ती बहुतेक वेळा पाच मिनिटांचीच निघते.

उदाहरणासाठी स्ट्रॅटच्या घाटाची गिटार घेऊ: तीन सिंगल कॉईल पिकअप, पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन. ही समजली की बाकीच्या समजायला जड जात नाहीत.

आवाज कुठून कुठे जातो

पिकअप म्हणजे चुंबकं आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. ही तार साधारण 0.06 मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाएवढी किंवा त्याहून बारीक, आणि तिचे वेढे सात-आठ हजारांच्या घरात असतात. वर गिटारची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉईलमध्ये विजेचा अगदी बारीक, उलटसुलट होणारा दाब तयार होतो. तो व्होल्टच्या काही दशांशांएवढाच असतो. म्हणजे नुसत्या गिटारमध्ये शॉक बसण्यासारखं काहीही नसतं. ती केबलने अँपला जोडल्यावरची गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे.

कॉईलची दोन टोकं बाहेर येतात. एक हॉट, म्हणजे सिग्नल नेणारं, दुसरं ग्राउंड, म्हणजे त्याची परतीची वाट. तिन्ही पिकअपची हॉट टोकं आधी स्विचवर जातात. स्विच ज्याला निवडेल त्याचा सिग्नल व्हॉल्यूमच्या पॉटकडे (नॉबच्या खाली फिरणाऱ्या भागाकडे) जातो आणि तिथून केबलच्या जॅककडे. ग्राउंडची सगळी टोकं एका ठिकाणी गोळा होतात, बहुधा व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर, आणि तिथून जॅकच्या दुसऱ्या टोकाला. आणखी एक वायर त्याच पाठीवरून निघून गिटारच्या मागच्या बाजूला स्प्रिंगांच्या धातूच्या पट्टीला जोडलेली असते. तिच्यामुळे ब्रिज (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तो धातूचा भाग) आणि तारा ग्राउंडला मिळतात. ही एकटी वायर सुटली तरी केवढा गोंधळ होतो ते पुढे बघू.

पॉटला तीन पाय असतात. दोन कडेच्या पायांमध्ये कार्बनची पट्टी, आणि मधला पाय त्या पट्टीवर सरकणाऱ्या पात्याला जोडलेला. व्हॉल्यूममध्ये एका कडेला सिग्नल आत येतो, दुसरी कड ग्राउंडला, मधल्या पायावरून सिग्नल बाहेर. नॉब फिरवाल तसा सिग्नलचा कमीजास्त हिस्सा बाहेर पडतो. सिंगल कॉईलच्या गिटारीत 250 किलोओहमचे पॉट असतात, हंबकरच्या, म्हणजे दोन कॉईलच्या पिकअपच्या, गिटारीत 500 चे. पॉट जेवढा मोठा तेवढा पिकअपवर त्याचा भार कमी आणि तेवढा आवाजातला टोकदारपणा जास्त टिकतो. टोनच्या पॉटला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यावर 223 किंवा 473 असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे 0.022 किंवा 0.047 मायक्रोफॅरड. तो उंच सूर ग्राउंडकडे सोडून देतो, खालचे सूर अडवतो. म्हणून टोन कमी केला की आवाज मऊ, बोथट होतो.

गिटार खोलण्याआधी

आधी केबल बदलून बघा. केबलच्या पिनेपाशी वायर सतत वाकते आणि आतल्या आत तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरी केबल लावून, दुसऱ्या अँपवर किंवा दुसरी गिटार त्याच अँपवर लावून बघितलं की निम्मा प्रश्न सुटतो. लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेस लावून वाजवत असाल आणि आवाजात घूं किंवा बारीक चीं येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. चार्जर काढताच आवाज स्वच्छ झाला तर गिटारला हात लावायची गरजच नाही.

आणखी एक: गिटारमध्ये अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, पिकअप असतील तर 9 व्होल्टची बॅटरी बदला. ती उतरली की आवाज फाटका, दाबलेला येतो आणि मग जातो. अशा गिटारीचा जॅक स्टीरिओ असतो आणि केबल लावली की बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची.

एक केबल आणि एक मल्टिमीटर

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त उपयोग याचाच आहे. यात एकही स्क्रू खोलावा लागत नाही.

चांगली केबल गिटारला लावा. दुसरं टोक अँपला न लावता हातात घ्या. पिनेचं टोक म्हणजे हॉट, तिचा लांब दांडा म्हणजे ग्राउंड. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा स्वस्त पिवळा मल्टिमीटर 20k ओहमच्या खुणेवर ठेवा. एक काडी टोकाला, दुसरी दांड्याला. काड्यांच्या धातूला बोटं लागू देऊ नका, नाहीतर मोठ्या आकड्यांत तुमच्या अंगाचा रेझिस्टन्सही मोजला जातो. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा.

स्विच ब्रिजकडच्या पहिल्या जागेवर असेल तर साधारण 5.5 ते 7 किलोओहम दिसायला हवं. हा त्या कॉईलचाच रेझिस्टन्स. दुसऱ्या जागेवर ब्रिज आणि मधला पिकअप दोन्ही एकत्र असतात, तेव्हा आकडा निम्म्यावर, म्हणजे तीनच्या आसपास यायला हवा. तिसऱ्यावर पुन्हा सहाच्या आसपास, चौथ्यावर तीन, पाचव्यावर सहा. पाचही जागी असं दिसलं तर गिटारचं वायरिंग बहुतेक ठीक आहे आणि दोष बाहेर कुठेतरी आहे. हंबकर असेल तर एकट्याचा आकडा साधारण 7 ते 9, आणि जोरकस आवाजाच्या पिकअपांत 14-16 पर्यंतही जातो.

आता बिघाडाचे आकडे.

पडद्यावर डाव्या कोपऱ्यात नुसता 1 दिसला, तर त्याचा अर्थ आकडा त्या खुणेच्या बाहेर गेला. लगेच निष्कर्ष काढू नका. मीटर 2000k वर फिरवा. आता 200 ते 300 च्या दरम्यान काही दिसलं, तर तो व्हॉल्यूम पॉटचा स्वतःचा रेझिस्टन्स आहे. म्हणजे जॅक ठीक, जॅकपासून पॉटपर्यंतची वायर ठीक, पण पिकअप पॉटपर्यंत पोहोचत नाही. दोष स्विचमध्ये, पिकअपच्या वायरमध्ये किंवा कॉईलमध्ये. हे फक्त एका जागेवर होत असेल तर तो पिकअप. पाचही जागांवर होत असेल तर स्विच किंवा स्विचपासून पॉटपर्यंतची एकच वायर. मधला पिकअप मेला असेल, तर तिसऱ्या जागेवर 250 दिसेल आणि दुसऱ्या-चौथ्या जागेवर तीनऐवजी सहा. बघा, गिटार न खोलता मेलेला पिकअप सापडला.

2000k वर ठेवूनही 1 च दिसत राहिला, तर पॉटच्या मधल्या पायापासून जॅकपर्यंत काहीतरी पूर्ण तुटलेलं आहे. बहुतेक वेळा जॅक.

उलट, व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना आकडा शून्याजवळ आला, तर हॉट वायर कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे. जॅकचा एखादा पाय गिटारच्या लाकडातल्या पोकळीत चिकटवलेल्या तांब्याच्या पट्टीला लागलेला असतो, किंवा वायरचा एक केस सुटून शेजारच्या टाक्यावर पडलेला असतो.

हेच कानानेही ओळखता येतं. अँप चालू असताना अगदी ठार शांतता असेल तर शॉर्ट. जोरात घूं येतंय पण तारांचा आवाज नाही, तर कुठेतरी तुटलेलं आहे.

शेवटी व्हॉल्यूम हळूहळू कमी करत मीटरकडे बघा. आकडा आधी वाढतो, चांगला साठ-पासष्ट किलोओहमपर्यंत चढतो, आणि मग उतरत उतरत शून्याला येतो. चढताना 20k ची खूण अपुरी पडेल, म्हणून 200k वर ठेवा. हा चढ बघून घाबरू नका, पॉटच्या रचनेमुळे तसंच व्हायला हवं. आकडा सलग सरकला तर पॉट निरोगी. मध्येच उड्या मारू लागला किंवा 1 दाखवून परत आला तर पट्टीवर घाण आहे किंवा ती झिजली आहे.

केबल हलवून, वाकवून, जॅकमध्ये फिरवूनही आकडा बघा. गिटार आडवी ठेवून ठीक आणि गळ्यात घातल्यावर आवाज जातो, अशी तक्रार असेल तर इथे आकडा नाचतो आणि जॅक पकडला जातो.

घूं आणि खरखर यांत फरक आहे

सिंगल कॉईल पिकअप थोडं गुणगुणतोच. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अँपच्या आणि अडॅप्टरच्या ट्रान्सफॉर्मरभोवती त्याच गतीने बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं आणि कॉईल ते इमानाने पकडते. हातात गिटार घेऊन जागेवरच गोल फिरून बघा. एका दिशेला घूं वाढतं, दुसऱ्या दिशेला जवळपास जातं. हा दोष नाही, हा पिकअपचा स्वभाव आहे. यावर उपाय म्हणून गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी दोन कॉईल उलटसुलट जोडून हंबकर बनवला आणि 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉईल घूं उलट्या दिशेने पकडतात म्हणून ते एकमेकांना खाऊन टाकतं, तारांचा आवाज मात्र जुळून येतो. स्ट्रॅटमध्येही बऱ्याचदा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गिटार शांत वाटते. पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून हे चुंबकीय घूं जात नाही. ती आशा कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नका.

जी खरखर, झरझर असते ती वेगळ्या वाटेने येते. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्यांचे डिमर, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, मोबाईलचे चार्जर यांच्यामुळे हवेत विद्युत क्षेत्र असतं. तुमचं अंग ते अँटेनासारखं गोळा करतं आणि जवळच्या गिटारच्या वायरिंगला देतं. तारांना हात लावला की अंग ग्राउंडला मिळतं आणि खरखर कमी होते. म्हणजे हात लावल्यावर आवाज कमी होणं हे वायरिंग ठीक असल्याची खूण आहे. हात लावूनही काही फरक पडत नसेल, तर मघाशी सांगितलेली ब्रिजची वायर सुटलेली असणार. तपासायला एक काडी तारेवर, दुसरी केबलच्या दांड्यावर. एक-दोन ओहम दिसायला हवेत. आणि हात लावल्यावर घूं उलट वाढत असेल, तर कुणीतरी जॅकवरच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडल्यात. मग तारा ग्राउंडऐवजी हॉटला जोडल्या जातात आणि तुमचं अंग थेट इनपुटवर येतं.

या खरखरीवर मात्र तांब्याची पट्टी काम करते. पोकळी आणि पिकगार्डची (पिकअप ज्यावर बसवलेले असतात त्या वरच्या प्लेटची) आतली बाजू पट्टीने मढवायची, सगळे तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत हे मीटरने बघायचं आणि पट्टी एका वायरने ग्राउंडला जोडायची. ग्राउंडला न जोडलेली पट्टी काहीच अडवत नाही. ग्राउंड लूपचा बाऊ खूप केला जातो, पण एवढ्याशा पोकळीत दोन ग्राउंड वायरींनी वर्तुळ झालं म्हणून ऐकू येईल एवढा त्रास क्वचितच होतो. सुटलेलं ग्राउंड हेच खरं कारण बहुतेक वेळा निघतं.

जॅक

घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळा हाताशी येतो तो जॅकच. स्ट्रॅटमध्ये त्याची पन्हळीसारखी प्लेट दोन स्क्रूंवर असते. ते काढले की जॅक दोन वायरींसह बाहेर येतो, तारा उतरवाव्या लागत नाहीत. हलक्या हाताने ओढा, वायरी तोकड्या असतात.

जवळून बघा. मध्ये एक नळी, तिच्याभोवतीचा भाग म्हणजे ग्राउंड, तिथे पिनेचा दांडा टेकतो. वर एक वाकडी धातूची जीभ, ती पिनेच्या टोकावरच्या खाचेत बसते. केबल घालून बघा, जीभ खाचेत टच्च बसायला हवी. सैल वाटली तर केबल काढून जीभ बोटाने किंवा पक्कडीने किंचित आत दाबा. किंचित म्हणजे मिलिमीटरभर. मुंबई-कोकणाच्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, जिभेच्या टेकण्याच्या जागी काळपट थर बसतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून नळीची आतली बाजू आणि जिभेचं टोक पुसा.

बाहेरचं नट सैल झालं की जॅक आतल्या आत फिरतो, आणि दर वेळी फिरताना वायरी पिळवटतात. शेवटी टाक्यापाशी तुटतात. म्हणून नट आवळताना बाहेरून नुसता पाना फिरवू नका. प्लेट काढा, आतून जॅक बोटांनी धरून ठेवा आणि मग आवळा. वायर तुटलीच असेल तर कुठली वायर कुठल्या पायावर जाते याचा घोळ होतो. जिभेला जोडलेला पाय म्हणजे हॉट, नळीला जोडलेला पाय म्हणजे ग्राउंड. केबल घालून तिच्या दुसऱ्या टोकाशी मीटर लावला की कुठला पाय कोणाचा हे लगेच कळतं.

पॉट आणि स्विच

कर्रकर्र करणाऱ्या पॉटला नवा पॉट लगेच लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, पायांच्या वर जी फट असते तिच्यात नळीने एक छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. गंज काढायचं घरगुती तेल वापरू नका, ते मागे तेलकट थर ठेवतं आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. स्विचच्या पात्यांनाही हाच उपाय. बदलायचाच झाला तर पॉटवर A250K किंवा A500K असं लिहिलेलं बघून घ्या. A म्हणजे कानाला समान वाटेल असा चढ. B लिहिलेला पॉट व्हॉल्यूमला लावला तर खालच्या पाव फेऱ्यातच जवळपास सगळा आवाज येऊन जातो. दांडीची जाडी आणि लांबी जुन्या पॉटशी जुळवून घ्या, त्यासाठी जुना पॉट खिशात टाकून जाणं सोपं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात पॉट, कपॅसिटर, जॅक, सोल्डर असं बरंच सामान मिळतं.

टोन कमी केल्यावर आवाज बोथट होण्याऐवजी पूर्णच जात असेल, तर कपॅसिटरचे दोन पाय एकमेकांना टेकलेत का ते आधी बघा.

आयर्न तापवण्याची वेळ

पिकगार्ड खोलायची वेळ आली तर तारा सैल करून गळ्याशी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, म्हणजे वरच्या खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत. खोलल्यावर सगळ्यात आधी मोबाईलने दोन-तीन कोनांतून फोटो काढा. रंगांच्या भरवशावर राहू नका. चार वायरींच्या हंबकरमध्ये सेमूर डंकनची हॉट वायर काळी असते आणि डिमार्झिओची लाल. म्हणजे एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला तर पिकअप नीट वाजणारच नाही.

साधारण 25 वॅटचं आयर्न जॅकच्या आणि स्विचच्या पायांना पुरतं. पॉटच्या पाठीला आणि स्प्रिंगांच्या पट्टीला ते पुरत नाही, कारण तो मोठा धातू उष्णता ओढून घेतो. तिथे 40 ते 60 वॅटचं, रुंद टोकाचं आयर्न लागतं. कमी ताकदीचं आयर्न तसंच मिनिटभर दाबून धरलं तर पॉटच्या आतली पट्टी खराब होते. गरम आयर्न थोडा वेळ टेकवणं हे कोमट आयर्न बराच वेळ टेकवण्यापेक्षा कधीही बरं.

सोल्डर 60/40 चं, पोटात राळेचा फ्लक्स (सोल्डर धातूला नीट धरावं म्हणून असलेला पदार्थ) असलेलं घ्या. ते 190 अंशांच्या आसपास वितळतं. नळजोडणीचा आम्लाचा फ्लक्स अजिबात नको, तो काही महिन्यांत वायर खातो. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की हात साबणाने धुवा. गिटारच्या पॉलिशवर जाड कापड किंवा पुठ्ठा पसरा. एक थेंब पडला तरी डाग कायमचा. वायर कापताना टोक उडतं, म्हणून चष्मा लावा.

आता टाका. वायरचं टोक पाच मिलिमीटर सोला, केस पिळून एकत्र करा आणि त्यावर आधीच थोडं सोल्डर चढवा. पायावरही पातळ थर चढवा. पॉटची पाठ असेल तर आधी पॉलिश पेपरने जागा घासून चकचकीत करा. मग वायर पायाच्या भोकातून घालून वाकवा. आयर्नचं टोक पाय आणि वायर दोघांनाही एकाच वेळी टेकवा आणि सोल्डर आयर्नला न लावता तापलेल्या पायाला लावा. दोन-तीन सेकंदांत ते स्वतःहून वायरभोवती पसरतं. सोल्डर काढा, मग आयर्न काढा, आणि थिजेपर्यंत वायर हलू देऊ नका. चांगला टाका चमकदार आणि कडांना उतरता दिसतो, वायरचा आकार त्यातून कळतो. मळकट, दाणेदार, फुगीर गोळी दिसली तर तो थंड टाका. आज वाजेल, महिन्याभराने खोकेल. जुना थंड टाका दिसला तर थोडा नवा फ्लक्स लावून पुन्हा तापवला की बहुतेक वेळा जिवंत होतो.

नवा पिकअप बसवल्यावर दुसऱ्या-चौथ्या जागेवर आवाज अगदी पातळ, नाकातून आल्यासारखा आणि खालच्या सुरांशिवाय येत असेल, तर दोन पिकअप एकमेकांच्या उलट जोडले गेलेत. एकाच्याच हॉट आणि ग्राउंड वायरी अदलाबदल केल्या की जुळतात. पण त्याला धातूचं झाकण असेल आणि ते ग्राउंड टोकाला जोडलेलं असेल, तर आधी ती जोडणी वेगळी करावी लागते.

स्क्रू लावण्याआधी केबल लावून अँप बारीक आवाजावर ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेका पिकअपवर हलकेच टकटक करा. स्विच ज्याच्यावर असेल तोच टकटक ऐकवायला हवा.

अर्थिंगचं मात्र गांभीर्याने घ्या

ब्रिजच्या वायरीमुळे तारा, आणि तारांमुळे तुमची बोटं, अँपच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असतात. अँपमध्ये बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली आणि घरात अर्थिंग नसेल, तर ती वीज तुमच्या हातात येते. दुसऱ्या हाताने मायक्रोफोनला स्पर्श झाला की वाट पूर्ण होते. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला कार्यक्रमात नीट अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वे यांचा मृत्यू झाला. म्हणून घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन काढणं किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसणं हे कधीही करू नका. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी अँप बंद करा आणि सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गिटारचं वायरिंग त्यानंतर.

ट्यूबचा अँप घरी खोलू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट साठून राहतात.

घरी न होणारी कामं

पोकळ अंगाच्या, एफ आकाराच्या भोकांच्या गिटारींत सगळे पॉट त्या भोकातून बाहेर काढून पुन्हा त्याच वाटेने आत घालावे लागतात. प्रत्येकाच्या दांडीला दोरा बांधून ते होतं, पण पहिलीच दुरुस्ती म्हणून ती गिटार निवडू नका. तसंच पिकअपच्या कॉईलचं. केसाएवढी तार टोकाच्या छिद्रापाशी तुटली असेल तर भिंग लावून, तारेवरचं इनॅमल खरवडून जोडता येते. आत वेढ्यांमध्ये तुटली असेल तर कॉईल पुन्हा गुंडाळावी लागते किंवा पिकअप बदलावा लागतो.

कारागिराकडे जायचं ठरलं तर मोजलेले आकडे कागदावर लिहून न्या. "तिसऱ्या जागेवर 250, दुसऱ्या-चौथ्यावर सहा, पिकअपच्या थेट टोकांवरही काही येत नाही" असं सांगितलंत, तर त्याला गिटार आधी सगळी तपासत बसावी लागत नाही. आणि स्विच, पॉट, जॅक सगळंच बदलावं लागेल असं कुणी सांगायला लागलं, तर कशासाठी हे विचारायला तुमच्या हातात काहीतरी असतं.